कायमचा पत्ता

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात त्या माजाचा वाटा मोठा आहे.

दौंडला रेल्वे लाइनीच्या पलीकडं, मालधक्क्याच्या मागं आमची वस्ती होती. अलीकडच्या बाजूला रेल्वेची क्वार्टर्स, एका रांगेतली, नळ असलेली. तिथले लोक आम्हाला 'पलीकडले' म्हणायचे आणि आम्हीही स्वतःला तेच म्हणायचो. पत्र्याची घरं, मधून एक बोळ, बोळातून वाहणारं सगळ्यांचं सांडपाणी. आप्पा, म्हणजे माझे वडील, मालधक्क्यावर सिमेंटची पोती उतरवायचे. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांच्या वाट्याला पोती आली. नव्वदच्या दशकात मी बारावी पास झाले. वस्तीतली पहिली मुलगी. पास झाल्यावर आपण कुणीतरी झालो असं मला वाटायला लागलं होतं. नक्की कोण, ते ठाऊक नव्हतं, पण नाक मात्र वर गेलं होतं.

या वस्तीत एक बाई होती. तिला सगळे खाला म्हणायचे. हिंदू, मुसलमान, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा खालाच म्हणायची. ती पिंजाऱ्याच्या घरातली. नवरा होता तेव्हा तो धनुकलीवर कापूस पिंजायचा आणि ती गाद्या भरायची. तो गेल्यावर एका मुलाला घेऊन तिनं गोधड्या शिवायचं धरलं. केसात कायम कापसाचे तंतू. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण वस्तीत जे काही चांगलं झालं ते तिनं करवून घेतलं. 'केलं' म्हटलेलं तिला आवडायचं नाही.

तिची पद्धत साधी होती. ती सभा कधीच घ्यायची नाही. "सभा घेतली की माणसं भाषण करत्यात," ती म्हणायची, "आन् भाषण केलं की त्यास्नी काम केल्यावानी वाटतंय." त्यापेक्षा ती दुपारी कुणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊन बसायची, त्या घरातली फाटकी लुगडी मागून घ्यायची आणि तिथंच त्यांची गोधडी घालायला घ्यायची. गोधडीला तीन-चार दिवस लागायचे. तेवढ्यात त्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं पोर शाळा बुडवतंय, कुणाचा हात दुखतोय, सगळं तिला कळायचं. टाक्यांची शेवटची ओळ घालताना ती हळूच काम सांगायची. "तुझा नवरा रविवारी मोकळा हाय न्हवं? त्याला फावडं घिऊन बोळात धाड." मांडीवर आपलीच गोधडी घेऊन बसलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? आमच्या बोळातली गटार अशीच झाली. पहिला खड्डा तिनं वस्तीतल्या सगळ्यात आळशी माणसाच्या दारासमोर खणायला घेतला. तो खाटेवर पडून तासभर बघत होता. मग त्याची आईच त्याच्यावर ओरडली. गटारीनंतर वस्तीच्या तोंडाशी नळ आला. नळानंतर बायकांसाठी आडोशाच्या भिंती आल्या. पलीकडल्यांकडं पाहुणे यायला लागले, सोयरिकी जमायला लागल्या.

आणि मग सर्वे आला.

वस्ती सरकारी जागेवर होती. कचेरीतून सांगितलं की घरोघरचे फॉर्म भरून द्या, यादी होईल. यादीत नाव असेल त्याला आहे तीच जागा नावावर करून मिळेल. नसेल त्याला उठावं लागेल. आम्ही तिथं राहायला लागून माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती, पण असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. लोक हरखले आणि घाबरलेसुद्धा. खालानं फॉर्मचा गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. "बेटी, तुझं अक्षर मोत्यावानी हाय. तूच लिव."

मी फुशारले. खालाच्या दारात पोतं टाकून दहा-बारा दिवस मी फॉर्म भरत बसले. एकही खाडाखोड नाही. नाव, वय, धंदा, घरातली माणसं. आणि शेवटून दुसरा रकाना होता: कायमचा पत्ता.

आता हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको, पण तरी सांगते. आपल्याकडं दोन अनोळखी माणसं भेटली की नावाआधी गाव विचारतात. "गाव कुठलं म्हणायचं?" आणि गाव म्हणजे राहतो ते नव्हे. गाव म्हणजे जिथं आजा होता, जिथं देव आहे, जिथं जत्रेला जायचं. मी प्रत्येकाला "कायमचा पत्ता काय लिहू?" असं विचारलं, आणि प्रत्येकानं ताठ बसून आपलं गाव सांगितलं. कुणी पाटस, कुणी करमाळ्याकडचं, कुणी थेट गुलबर्ग्याकडचं. आप्पांनी पाबळ सांगितलं. सांगताना टोपी सारखी केली. मी सगळं आयुष्य धरून पाबळला महिनाभरसुद्धा राहिले नसेन, पण तेच माझंही गाव होतं, यात मला काही चुकीचं वाटलं नाही. खाला म्हणाली, "तळेगाव ढमढेरे. ढमढेरे बी लिव बरं का, नाहीतर कागद दुसऱ्याच तळेगावला जाईल."

एकच माणूस अडला. स्टेशनवर शेंगा विकायचा तो. लहानपणी फलाटावर कुणीतरी सोडून गेलेला, हमालांनी वाढवलेला. वस्तीत त्याला 'बिनगावचा' म्हणायचे. प्रेमानं म्हणायचे, पण म्हणायचे. मी विचारलं तेव्हा बसलेले सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "लिव काय बी." रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून मी तिथं 'दौंड' लिहिलं.

महिन्यानं यादी लागली. मी, खाला आणि अजून चार-पाच जण कचेरीत गेलो. मी फळ्यावरची नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला नाव सोडून त्यापुढचा शेरा वाचू लागले. पानंच्या पानं एकच शेरा होता. 'कायमचे रहिवासी अन्य गावचे, सबब अपात्र.' पात्र फक्त शेंगावाला.

टेबलामागच्या माणसानं आमचाच गठ्ठा काढून दाखवला. "हे बघा ताई, तुम्हीच लिहून दिलंय. कायमचा पत्ता पाबळ, कायमचा पत्ता तळेगाव ढमढेरे. सुंदर लिहिलंय. मग ज्याचं गाव आहे त्यानं गावाला जावं, असंच होणार ना?" तो खवचटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. मग साहेब स्वतः वस्तीत येऊन एकेकाला विचारणार होते.

परत येताना लाइन ओलांडताना मी रडायला लागले. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, स्वतःचा. बारावी शिकून मला एक प्रश्न नीट वाचता आला नव्हता. खाला म्हणाली, "रडू नगं. लिवलं तू, पर सांगितलं आमीच." थोडं पुढं जाऊन थांबली आणि हसली. "आन् बिनगावच्याला मिळालं, बघ. एवढ्या गाववाल्यांत."

तो शेंगावाला संध्याकाळी आमच्या दारात आला. पाटीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "त्यातनं माझं नाव काढता येतंय का?" त्यानं मला विचारलं. "तुमी समदे गेल्यावर मी एकला हितं काय करू?"

दुसऱ्या दिवशी खाला माझ्याशेजारी येऊन बसली आणि विचारलं, "तुझी नाळ कुठं पुरलीया?"

"घरात. जात्याच्या खाली." हे मला आईनं कितीदा सांगितलं होतं. वस्तीतली सगळी बाळंतपणं वस्तीतच झाली होती, एकाच सुईणीच्या हातची.

"मंग ते कुठं कागदावर हाय का?"

मी पेटीतून माझा शाळेचा दाखला काढला. जन्मस्थळाच्या रकान्यात हेडमास्तरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: दौंड. मी तो दाखला चार वेळा तरी कुठं कुठं जोडला होता, पण ती ओळ कधी वाचली नव्हती. खालाला वाचून दाखवल्यावर तिनं तो कागद हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला, तिला काही कळत नव्हतं तरी.

मग आठवडाभर आमची पळापळ. शाळेतून पोरांचे दाखले काढायचे, घरटी एक हरकतीचा अर्ज करायचा. अर्जाखाली एक छापील वाक्य होतं: 'मी दौंड येथील कायमचा रहिवासी असून माझे अन्यत्र कोठेही गाव अथवा घर नाही.' त्याखाली सही किंवा अंगठा.

मला वाटलं होतं, आता काय, झालंच. पण माणसं त्या ओळीपाशी येऊन थांबायला लागली. पोरांचे दाखले देत होती, अंगठा देत नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "गाव न्हाई म्हनू? माझ्या सासऱ्याची समाधी हाय तिथं." बिनगावचा म्हणून ज्याला आयुष्यभर हसलो, आता आपणही तेच व्हायचं, हे गळी उतरत नव्हतं. खाला पुन्हा उंबऱ्याउंबऱ्यावर बसली. यावेळी गोधडी पुरी करायला सवड नव्हती. हातात दोऱ्याची गुंडी तेवढी घेऊन बसायची. एकेक करून माणसं वळली.

शेवटी आप्पा उरले. आमच्याच घरचा अर्ज कोरा.

"ज्याला गाव न्हाई त्यो माणूस कसला?" आप्पा म्हणाले. "पाबळात माझा भाऊ हाय. घर हाय. मी मेलो की मला तिथं न्यायचं हाय. आन् मी असल्या कागदावर अंगठा दिऊ?"

मी भांडले. मोठ्यानं भांडले, शिकलेल्या मुलीला शोभणार नाही इतकं. घर जाईल, आप्पा, हे छप्पर जाईल, आईनं कुठं जायचं या वयात? आप्पांनी टोपी घातली आणि मालधक्क्याकडं निघून गेले.

खाला मात्र त्यांच्याशी वाद घालायला आली नाही. दारात उभ्या उभ्या एवढंच म्हणाली, "आप्पा, येकदा गावाला जाऊन या. लई दिस झालं असतील. भावाला सांगा, आमचं दौंडचं घर जातंय, आमी हिकडं राह्याला येतुया. मंग या, आन् मला काय ते सांगा. मी पुन्यांदा इचारनार न्हाई."

आप्पांना हे पटलं. त्यांनी मला बरोबर घेतलं. दौंडहून शिरूर, शिरूरला एसटी बदलून पाबळ. आप्पा सगळ्या वाटेत खुशीत होते. हा ओढा, ही अमक्याची जमीन, इथं आम्ही मेंढरं बसवायचो, असं सांगत होते. मी खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात हरकतीचे दिवस मोजत होते.

चुलत्यांनी आमचं फार चांगलं केलं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी काही वाईट केलं नाही. चुलतीनं पाय धुवायला पाणी दिलं, ओसरीवर घोंगडी अंथरली, आप्पांना पाट देऊन जेवायला वाढलं. आग्रह करकरून वाढलं. जेवताना आप्पांची नजर घरभर फिरत होती. ज्या खोलीत ते वाढले होते तिथं आता कडबा आणि पेंडीची पोती होती. जेवण झाल्यावर गल्लीतून एक माणूस डोकावला आणि विचारलं, "कोन आलंय?"

चुलते अगदी कौतुकानं म्हणाले, "दौंडचं पाव्हनं आल्यात."

आप्पा सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला. त्या माणसानं आप्पांकडं नीट बघितलं, ओळखलं नाही, आणि विचारलं, "कवा जायाचं मग माघारी? आजच व्हय?"

आप्पांनी भावाला काही विचारलं नाही. दौंडचं घर जातंय हेही सांगितलं नाही. मीच बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. चुलतीनं निघताना मला कुंकू लावलं, वाटेत खायला भाकरी बांधून दिल्या, वेशीपर्यंत पोचवायला आली. पाहुण्यांना जसं पोचवतात तसं. आजही ते आठवलं की माझा जीव आप्पांसाठी तुटतो. कुणी हाकललं असतं तर त्यांना भांडता आलं असतं. इथं भांडायला जागाच नव्हती.

शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. आप्पा म्हणाले, "कागुद हाय का संगट?" अर्ज माझ्या पिशवीतच होता, पण अंगठ्याची शाई नव्हती. मी पेनाची कांडी मोडून त्यांच्या अंगठ्याला शाई लावली. त्यांनी अंगठा उठवला आणि हात धोतराला पुसला.

साहेब आले त्या दिवशी वस्ती झाडून लखलखीत केली होती. खालाच्या दारासमोर टेबल मांडलं. मी दाखल्यांची चळत घेऊन बाजूला उभी होते. साहेब अर्ज बघायचे, दाखला बघायचे आणि मग मान वर करून तोंडी एकच विचारायचे, "गाव कुठलं तुमचं?" लोक पाठ केल्यासारखं "दौंड" म्हणायचे. कुणी खाली बघून, कुणी भसकन. आप्पांची पाळी आली. त्यांनी साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "दौंड." नंतर टोपी काढून हातात घेतली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

सगळ्यात शेवटी खाला. तिनं सगळ्यांना आधी पुढं केलं होतं. तिचा अर्ज टेबलावर होता, अंगठा केलेला. मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ दौंड. सगळं जिथल्या तिथं होतं. साहेबांनी सवयीनं विचारलं, "गाव कुठलं, बाई?"

खाला बोलेना.

साहेबांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तळेगावच्या कब्रस्तानात तिची आई होती, बाप होता, आणि नवऱ्यालासुद्धा तिनं तिकडंच नेऊन ठेवलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या पंधरा दिवसांत एकालाही आठवलं नव्हतं. आम्ही तिला आमची गावं सोडायला लावते म्हणून बोललो होतो, रुसलो होतो. तिचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिली.

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "बाई, तुम्ही सांगितल्याशिवाय मला लिहिता येणार नाही."

तेव्हा आप्पा पुढं आले. टोपी अजून हातातच होती.

"लिवा साहेब," आप्पा म्हणाले. "खाला दौंडची हाय. आमी समदे तिच्या गावचं हाय."

मागून कुणीतरी "व्हय, व्हय" म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले. शेंगावाला सगळ्यांत मोठ्यानं. साहेबांनी एकदा खालाकडं बघितलं. तिनं मान डोलावली. मग त्यांनी लिहिलं.